लेकीच्या सासरची भाकरी
मटणात येसराचा मसाला पडला की त्या वासानं मला बोरीला लेकीच्या सासरी बसलेली पंगत आठवती. डॉक्टरनं शुगरपायी भाकरी-भात बंद करून मटण तेवढं मोकळं ठेवलं होतं. सासरच्यांना माझं दुखणं सांगायचं न्हाई, अशी मी लेकीला ताकीद दिली होती. मी नळी चोखत नुसत्या फोडीच खायलो होतो, तवा इहीणबाई दारातून म्हणाल्या, "इवाई, आमच्या भाकरीत इख कालवलंय का?" सगळी पंगत हसली. मी हट्टानं भाकरी मोडली. वाढणाऱ्या लेकीनं सगळ्यांसमोर माझा हात धरला, "बाबा, नका खाऊ. शुगर हाय तुमाला." मी तसाच ताटावरून उठलो आन् घर गाठलं. लेकीनं बापाला जपलं, असं लोक आजबी म्हणतेत. पण बायका मागून जेवतेत. त्या दिवशी ती जेवली का न्हाई, ते मी अजून इचारलं न्हाई.