टोल्युइनच्या गोदामातलं नाक

माझे मोठे दीर रंगाच्या कारखान्यात टोल्युइनचं गोदाम सांभाळतात. सव्वीस वर्षं सांभाळतायत. मी नवीन लग्न होऊन या घरात आले आणि पहिल्या दिवशी चहाचा ट्रे घेऊन त्यांच्यापुढे गेले. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "हे नायलॉन आहे का?"

मला वाटलं, साडी आवडली असेल. म्हटलं, "हो."

"मग तिथेच थांब," म्हणाले. "आधी खिडकीच्या गजाला हात लाव."

दिराचं भावजयीशी पहिलं बोलणं हे. मी निमूटपणे गजाला हात लावला, तेव्हा कुठे त्यांनी कप घेतला. नायलॉन अंगाला घासलं की त्यात वीज साठते आणि ठिणगी उडते, म्हणून त्या दिवसापासून आमच्या घरात नायलॉनला बंदी आहे. जाऊबाईंच्या माहेरून आलेली एक गुलाबी साडी गेली अठरा वर्षं कपाटात कैद भोगतेय. घरात टोल्युइनचा एक थेंब नाही, कधी नव्हता. पण सवय म्हणजे सवय.

टोल्युइन काय प्रकरण आहे, ते मला भाऊजींनी इतक्या वेळा सांगितलंय की मी झोपेतसुद्धा म्हणून दाखवीन. रंग पातळ करायला लागतं. दिसतं पाण्यासारखं, पण पाण्याशी त्याचं पटत नाही. पाण्यावर तरंगतं. पेटल्यावर पाणी मारलं तर विझत नाही, उलट पाण्यावर बसून गावभर फिरायला निघतं. त्याला फेसच लागतो. चार-पाच अंशांनासुद्धा त्याच्या वाफेला आग लागते, म्हणजे आपण स्वेटर घालून कुडकुडत असतो तेव्हाही ते पेटायला तयार. आणि ती वाफ हवेपेक्षा जड. वर उडून जात नाही. मांजरीसारखी जमिनीवरून सरपटत निघते, पायरी उतरते, गटारात शिरते, लांब कुणाची तरी ठिणगी गाठते आणि पेटून धावत ड्रमाकडे परत येते. म्हणून गोदामाचे पंखे छताला नाहीत, खाली, घोट्याच्या उंचीवर.

ओततानासुद्धा त्याचे नखरे. एका भांड्यातून दुसऱ्यात पडताना त्यात वीज साठते. म्हणून आधी ड्रमाला आणि डब्याला तांब्याच्या तारेने जोडायचं, तार जमिनीत पुरलेल्या पट्टीला चिमट्याने लावायची आणि मगच तोटी हळू सोडायची. प्लॅस्टिकची बादली चालत नाही. लोखंडी पाना चालत नाही, पितळी लागतो. मोबाईल फाटकावरच्या पेटीत. अशा सोवळ्याओवळ्याच्या पदार्थाबरोबर भाऊजींनी सव्वीस वर्षं सुखाने संसार केला. जाऊबाई म्हणतात, "माझ्याशी बोलताना कधी तार लावली नाही हो यांनी. वाट्टेल ते ओततात."

पण भाऊजींची खरी कीर्ती होती ती त्यांच्या नाकाची. रोज सकाळी ते गोदामात ड्रमांच्या रांगेतून डोळे मिटून चालायचे, मध्येच थांबायचे, नाक वर करायचे आणि म्हणायचे, "सातवा. बूच सैल आहे." बघावं तर सातव्याचं बूच सैलच. बाकीचे कामगार तोंडात बोटं घालायचे. गोदामात त्यांना नावाने कुणी हाक मारत नाही. नाकवाले काका म्हणतात, आणि भाऊजी ते पदवीसारखं मिरवतात.

गंमत म्हणजे गोदामाच्या दारावर त्यांनीच अक्षरं काढून ठेवली होती: 'वासावर विसंबू नका, मीटर बघा.' कारण या टोल्युइनचा वास नाकाला पाच-दहा मिनिटांत सवयीचा होतो. वास येईनासा झाला म्हणजे वाफ संपली असं नाही. नाक दमलेलं असतं. हे ते नव्या माणसाला दरडावून सांगत. स्वतःचं नाक मात्र त्या नियमात धरत नसत. ते नाक म्हणजे काही नाक नव्हे, असा एकंदर आविर्भाव. हवेतली वाफ मोजणारा मीटर कपाटात, प्लॅस्टिकच्या वेष्टणासकट.

तर यंदाची गोष्ट. एका रविवारी मी दूध गॅसवर ठेवून फोनवर बोलत बसले. दूध उतू गेलं, आटलं, करपलं, भांडं काळं झालं. समोरच्या इमारतीतल्या बाई खिडकीतून ओरडल्या, "अहो, काय जळतंय?" भाऊजी शेगडीपासून चार हातांवर पेपर वाचत बसले होते. त्यांनी पान उलटलं आणि म्हणाले, "चहाचं काय झालं?"

मी जाऊबाईंकडे बघितलं. जाऊबाईंनी माझ्याकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांच्या उशीजवळ एक नासकं अंडं फोडून बशीत ठेवलं. मला तिथे उभं राहवेना. भाऊजी शांतपणे आडवे झाले, चांगला खोल श्वास घेतला आणि म्हणाले, "आज जरा हवा मोकळी वाटतेय."

"अहो," जाऊबाई पदर नाकाला लावून म्हणाल्या, "तुमचं नाक गेलं!"

भाऊजी उठून बसले. आधी रागावले. मग बशी बघितली. मग हळूच म्हणाले, "तीन महिने झाले."

"आणि सांगितलं नाहीत?"

"सांगून काय करू? पुढच्या मंगळवारी कारखान्याच्या डॉक्टरांची तपासणी आहे. त्या नव्या सेफ्टीच्या मॅडमनी यंदा वासाची परीक्षा घातलीय. डोळे मिटून बाटल्या हुंगायच्या आणि आत काय ते ओळखायचं. नापास झालेल्याची बदली खोक्यांच्या गोदामात." खोकी हा शब्द त्यांनी असा उच्चारला, जसं काही काळ्या पाण्यावर पाठवतायत. "सव्वीस वर्षं टोल्युइन सांभाळलं आणि आता पुठ्ठे मोजू? खोक्यांना काय सांभाळायचं? ती पडली तरी पडूनच राहतात!"

त्यांचा चेहरा इतका उतरला की मला हसू आवरेना आणि वाईटही वाटलं. मी म्हटलं, "भाऊजी, डॉक्टरांना खरं सांगा. नाक गेलं ते कदाचित त्या वाफेनेच गेलं असेल."

"तू गप्प बस गं," जाऊबाई म्हणाल्या. "आधी पास होऊ दे. मग नाक बघू."

मी शिकलेली आहे, मला कळायला हवं होतं. पण घरातल्या माणसाचं तोंड एवढंसं झालं की शिक्षण पहिलं खिडकीतून बाहेर जातं. मी त्या कटात सामील झाले.

बाटल्यांत काय असतं, ते आधी तपासून आलेल्या एकाकडून भाऊजींनी काढून आणलं. कॉफी, साबण, लवंग आणि संत्र्याची साल. तपासणीच्या दिवशी घरच्यांनाही डॉक्टर फुकट बघतात, तेव्हा आम्हा दोघींना पडद्याबाहेरच्या बाकावर बसता येणार होतं. बाक बरोबर डॉक्टरांच्या मागे आणि पडदा अर्धवट आखूड, म्हणजे काचेच्या बाटलीत काय आहे ते जाऊबाईंना दिसणार. कॉफीला एकदा खोकायचं, साबणाला दोनदा, लवंगेला तीनदा, संत्र्याला नुसता घसा खाकरायचा. भाऊजींनी पुढे बसून ऐकायचं आणि उत्तर द्यायचं.

आठवडाभर स्वयंपाकघरात तालीम चालली. जाऊबाई खोकत, भाऊजी ओरडत, "लवंग!" आमचे हे ऑफिसातून येत आणि विचारत, "घरात सर्दी आलीय की भुताटकी?" एकदा जाऊबाईंना खरोखर ठसका लागला तर भाऊजी एका दमात "कॉफी, साबण, लवंग, लवंग, कॉफी" म्हणून मोकळे झाले. मी म्हटलं, "हे काही जमायचं नाही." जाऊबाई म्हणाल्या, "तोंडात लाडू घालून बसेन, म्हणजे ठसका लागणार नाही." लाडूने ठसका लागत नाही, हे शास्त्र त्यांनी कुठून काढलं, देव जाणे.

मंगळवार उजाडला. दवाखाना म्हणजे कारखान्याच्या फाटकाशेजारची एक खोली, मधून हिरवा पडदा. पलीकडे डॉक्टर आणि हातात वही घेतलेल्या सेफ्टीच्या मॅडम. मॅडम वयाने आमच्या पोरीएवढ्या, पण नजर अशी की माणूस आपोआप सरळ उभा राहतो. भाऊजी खुर्चीत बसले, कपाळ पुसलं, डोळे मिटले.

पहिली बाटली. जाऊबाई एकदा खोकल्या. "कॉफी!" डॉक्टर म्हणाले, "छान."

दुसरी. दोनदा. "साबण!" "छान."

आणि नेमका त्या क्षणी पेंट विभागातला एक माणूस आमच्या बाकावर येऊन बसला. त्याला खरा खोकला होता. साधा नव्हे, ढोल वाजवल्यासारखा. डॉक्टरांनी तिसरी बाटली पुढे केली आणि बाकावरून सुरू झालं, खॉक, खॉक, खॉक, खॉक, खॉक.

भाऊजी खुर्चीत ताठ झाले. "लवंग!... आणि साबण!... नाही, थांबा, लवंग आणि कॉफी... दोन साबण!"

जाऊबाई त्या माणसाच्या पाठीवर थोपटून म्हणत होत्या, "अहो, थांबा ना जरा, मी मोजतेय!" त्याला वाटलं बाई फार माया करतात, त्याने आभार मानले आणि आणखी खोकला.

"संत्रंही आहे का?" भाऊजींनी डोळे मिटलेलेच ठेवून विचारलं.

पडद्यापलीकडे बाटली टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग डॉक्टर म्हणाले, "काका, या बाटलीत नुसतं पाणी आहे. पाणी ओळखता येतं का, ते बघत होतो."

मॅडमनी पडदा सरकवला. बाकावर एक आजारी माणूस, एक मी, आणि एक जाऊबाई, तीन बोटं वर काढलेली, तोंड उघडं.

"घरचा कोरस आहे का हा?" मॅडमनी विचारलं.

भाऊजी उभे राहिले. मला वाटलं, आता थाप मारतील. पण सव्वीस वर्षं खोटं बोलायची सवय नसलेला माणूस ऐन वेळी बोलणार तरी काय? "मॅडम," ते म्हणाले, "माझं नाक तीन महिन्यांपूर्वी गेलं. खोक्यांत घाला."

मॅडमनी वही उघडली. बराच वेळ पानं उलटत राहिल्या. मग म्हणाल्या, "पण काका, गेल्या तीन महिन्यांत तुम्ही गळती अकरा वेळा पकडलीत. त्याआधीच्या वर्षभरात मिळून नऊ. नाक नसताना जास्त कशी काय पकडली?"

भाऊजींनी पुन्हा कपाळ पुसलं. जाऊबाई म्हणाल्या, "सांगा ना अहो, आता काय लाजायचंय!"

मग त्यांनी सांगितलं, आणि ते आम्हालाही नवीन होतं. नाक गेल्यापासून ते रोज अर्धा तास लवकर जायचे. बाकीचे यायच्या आधी मीटर घेऊन रांगेच्या खालून, जमिनीजवळून फिरायचे. मग प्रत्येक ड्रमाच्या बुचाला पितळी पाना लावून बघायचे, रबरी वॉशरवरून सुती फडकं फिरवायचे, फडकं ओलं लागलं की तो नंबर लक्षात ठेवायचे. फडकी झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात. आणि सगळे जमले की डोळे मिटून, नाक वर करून रांगेतून चालायचे आणि लक्षात ठेवलेल्या नंबरापाशी थांबायचे.

"म्हणजे," मॅडम म्हणाल्या, "वास घेण्याचं नाटक?"

"सगळे बघत असतात हो," भाऊजी पुटपुटले. "त्यांचा भरवसा होता."

मॅडम हसल्या नाहीत, पण वही जरा तोंडापर्यंत नेली. "तो मीटर कुठाय?"

"कपाटात. वेष्टणातून काढलाय आता. बॅटरीही नवी घातलीय."

डॉक्टर मध्ये पडले. त्यांनी भाऊजींना झापलं, चांगलं झापलं. डोकं दुखतं का, चक्कर येते का, हात का सुकलेत, मास्क कुठे असतो, हात टोल्युइनने धुता का. "पूर्वी धुवायचो," भाऊजी म्हणाले, "रंग लवकर निघतो." "कातड्याचं तेलही निघतं! आणि अंगातही शिरतं!" डॉक्टर ओरडले. शेवटी लेखी निघालं: सहा महिने ओतण्याचं काम बंद, नाकाच्या डॉक्टरांकडे जायचं, गोदामात जाताना वाफ गाळणारा मास्क तोंडावर बांधल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही.

"आणि खोकी?" भाऊजींनी विचारलं. बाकावरून आम्हीही पुढे वाकलो.

"खोकी कशाला?" मॅडम म्हणाल्या. "वासाची परीक्षा मी घातली ती नाक बिघडलेलं लवकर कळावं म्हणून. बदलीचं ते वाक्य सूचनेत वरून आलं. मी खोडून घेते. काका, सकाळची फेरी तुम्हीच मारायची. पण मीटर घेऊन, सगळ्यांसमोर, आणि जशी मारता तशी पायरीपायरीने लिहून द्यायची. उद्यापासून सगळ्यांनी तशीच शिकायची."

"म्हणजे माझ्या नाकाची किंमत शून्य?"

"पहिल्यापासूनच शून्य होती," मॅडम म्हणाल्या. "हाताची आहे."

भाऊजींना हे झोंबलं. घरी येईपर्यंत आमच्या दहा पावलं पुढे चालले. जेवताना मात्र म्हणाले, "ती पोरगी शहाणी आहे. पण बोलायची पद्धत नाही." त्यांच्या तोंडून ही फार मोठी शाबासकी.

त्या आठवड्यात ते माझ्याकडून फेरी लिहून घेत बसले. चौदा पायऱ्या झाल्या. मी म्हटलं, पायरी चार आणि सहा एकच आहे. म्हणाले, "असू दे. लोक विसरतात."

पहिल्या फेरीची हकिगत त्या खोकल्याच्या माणसाने आम्हाला सांगितली. आता तो आमच्याकडे चहाला येतो. सगळे कामगार रांगेत उभे. भाऊजी मास्क बांधून, हातात मीटर, गुडघ्यांवर वाकून ड्रमांच्या खालून हळूहळू सरकतायत. बाराव्या ड्रमापाशी मीटर किणकिणला. भाऊजींनी बुचाला पाना लावला, फडकं फिरवलं, पंखा मोठा केला. एकाने मागून विचारलं, "काका, वास नाही का घेणार?"

भाऊजी मास्कच्या आतून ओरडले, "वास तू घे आणि चक्कर येऊन पड! मी बूच घट्ट करतो!"