कचरू हिवाळे यांची चाळीस पुस्तकं

मोताळ्याच्या सार्वजनिक वाचनालयात कचरू हिवाळे एकतीस वर्षं शिपाई होते. शिक्षण सातवीपर्यंत. सकाळी कुलूप उघडायचं, वर्तमानपत्रं टेबलावर लावायची आणि परत आलेली पुस्तकं आपापल्या जागी ठेवायची, एवढं काम. जागी ठेवता ठेवता त्यांना वाचायची सवय लागली. मात्र वाचकांना हवं असलेलं पुस्तक आपण अडवून ठेवायचं नाही, असा नियम त्यांनी स्वतःला घालून घेतला होता. त्यामुळे ज्याला कुणी हात लावत नव्हतं, तेच त्यांच्या वाट्याला आलं. ते होतं कपाट क्रमांक सात, पाश्चात्य तत्त्वज्ञान आणि समाजविचार. एकूण एकशे बारा पुस्तकं.

पहिली दोन वर्षं त्यांना ओ की ठो कळलं नाही. मग त्यांनी दोनशे पानी वही आणली आणि प्रत्येक पुस्तकाला तीन ओळी ठेवल्या. हा माणूस काय म्हणतो, हा कोणाशी भांडतो, आणि याच्या आधी काय वाचावं. दुसऱ्या ओळीने कोडं सुटलं. अडीच हजार वर्षांचा हा सगळा व्यवहार त्यांना भावकीतल्या भांडणासारखा दिसू लागला. गुरूचं शिष्याला पटत नाही, शिष्याचं त्याच्या शिष्याला पटत नाही, आणि मधेच कुणीतरी उठून म्हणतो की तुमचं भांडणच चुकीच्या गोष्टीवरून चाललं आहे.

ग्रंथपाल संजीवनी मॅडम त्यांच्यापेक्षा वीस-बावीस वर्षांनी लहान. त्या एकदा म्हणाल्या, "कचरूभाऊ, या गोऱ्या लोकांचं अन् तुमचं नातं तरी काय?"

"नातं काई नाई, मॅडम. माणूस माणसाच्या बरोबरीचा असते, हे मले आमच्या बौद्धवाड्यात लहानपणीच समजलं. तिकडच्या लोकाले हे समजायले किती दिवस लागले, तेवढं पाहून राह्यलो."

मॅडम हसल्या. वहीबद्दल मात्र त्यांनी विचारलं नाही, आणि दुसऱ्याही कुणी विचारलं नाही. आधी काय वाचू, असं एकाने तरी विचारावं, एवढीच कचरूंची इच्छा होती. आता निवृत्तीला तीन महिने राहिले होते.

त्याच सुमारास कार्यकारिणीने ठराव केला. स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलामुलींसाठी अभ्यासिका वाढवायची आणि त्यासाठी जागा मोकळी करायची. पाच वर्षांत एकदाही घरी न गेलेली पुस्तकं बाद करून रद्दीत काढायची. ठरावात वावगं काही नव्हतं. पण कर्मचाऱ्याला सभासद होता येत नसे, त्यामुळे कचरूंच्या वाचनाची देवघेव रजिस्टरमध्ये नोंद नव्हती. कागदावर कपाट सात हे कुणीच न वाचलेलं कपाट होतं.

संजीवनी मॅडमनी तोड सुचवली. "पाच-पंचवीस सभासदांची नावं टाकून देऊ. कोण पाहते?"

कचरूंनी थोडा विचार केला. "याच्यावर कपाट सातमधल्या दोघांचं भांडण हाय. इंग्रज म्हणते, जास्तीत जास्त लोकांचं भलं कशात हाय ते पाहा. जर्मन म्हणते, खोटं ते खोटंच."

"मग आपण कोणाचं ऐकायचं?"

"रजिस्टरवर सही तुमची हाय, मॅडम. उद्या चौकशी लागली तर इंग्रज काई तुमची नोकरी वाचवायले येणार नाई."

खोट्या नोंदींचा विषय तिथेच संपला. दोघं बाद करायच्या पुस्तकांची खरी यादी करायला बसली. ती करताना मॅडमना कपाट तीनमध्ये, म्हणजे प्रवासवर्णनांत, 'पश्चिम-दर्शन' नावाचे सहा भाग सापडले. सहाही भागांच्या चिठ्ठ्या तारखांच्या शिक्क्यांनी भरल्या होत्या. सगळे मिळून सत्तेचाळीस शिक्के. त्यांनी पहिला भाग उघडला आणि कचरूंना हाक मारली.

आत प्रवास नव्हता. तो पाश्चात्य तत्त्वज्ञानाचा इतिहास होता, आणि सोप्या मराठीत लिहिलेला होता. आधीचे ग्रंथपाल उकंडराव यांनी शीर्षक वाचून 'नाशिक दर्शन', 'कोकण दर्शन' यांच्या शेजारी तो लावून टाकला होता. वाचक घरी नेतात ती पुस्तकं म्हणून कचरूंनी ती स्वतःच्या नियमाप्रमाणे कधी उघडलीच नव्हती. एकतीस वर्षं ज्या विषयात डोकं फोडलं, त्याची सोपी वाट चार कपाटं अलीकडे होती.

"दाखवा हे कमिटीला," मॅडम म्हणाल्या. "सत्तेचाळीस वाचक!"

"सत्तेचाळीस फसले, असं म्हणा. हे पाहा, दोन दिवसांत वापस, तीन दिवसांत वापस." त्यांचं बोट एका सभासद क्रमांकावर थांबलं. त्या क्रमांकाने पहिले पाच भाग नेले होते आणि प्रत्येक भाग पूर्ण पंधरा दिवस ठेवला होता. क्रमांक जनकाबाई खर्चे यांचा होता.

जनकाबाई शेतकरी घरातल्या, जुन्या मॅट्रिक, पासष्टीच्या पुढच्या. बाजाराच्या दिवशी त्या मासिक बदलायला आल्या, तेव्हा कचरूंनी त्यांना गाठलं.

"काय सांगू, कचरूभाऊ! लेक जर्मनीले हाय. म्हणे, आई, तू ये. म्हटलं जायच्या आधी तिकडचं काई वाचून घ्यावं. घरी जाऊन पाह्यलं तर ना डोंगर, ना नदी! एक म्हातारा बाजारात उभा राहून लोकाले प्रश्न विचारून राह्यला."

"मग वापस काऊन नाई केलं?"

"त्याले जहर देलं ना! पुढं काय झालं, ते पाहा लागते का नाई?"

कार्यकारिणीच्या सभेला त्या आपणहून आल्या. अध्यक्ष माणिकराव व्यवहारी माणूस. 'पश्चिम-दर्शन' कसं चुकून भलत्या कपाटात गेलं आणि कपाट सात आजवर कचरूंनीच कसं वाचलं, ते त्यांनी कचरूंकडून ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे एकशे बारा पुस्तकाले एक वाचक?"

"एक न् अर्धा," जनकाबाई म्हणाल्या. "मी अर्धीच धरा. पाचवा भाग जड गेला मले. आधी काय वाचा लागते, ते सांगणारं कोणी नव्हतं."

सभेत हशा पिकला. माणिकरावही हसले, पण अभ्यासिकेला जागा हवीच होती. शेवटी ठरलं असं. 'पश्चिम-दर्शन' चालतं आहे, ते राहील. कपाट सातऐवजी दोन फळ्या मिळतील, त्यावर चाळीस पुस्तकं बसतील. कोणती चाळीस, ते कचरूंनी आठ दिवसांत लिहून द्यावं. बाकीची बहात्तर जातील.

कचरूंनी वही काढली. पहिली तीस नावं दोन दिवसांत झाली. नवख्याला झेपतील ती आधी. मग ज्यांच्याशी पुढचे सगळे भांडतात ती. मग राज्य, श्रम, बाई आणि माणसाची बरोबरी यांच्यावरची. पुढची दहा नावं मात्र ते सहा दिवस लिहीत आणि खोडत होते.

चाळिसाव्या जागेसाठी शेवटी दोन पुस्तकं उरली. एक पातळ परिचयवजा पुस्तक होतं. दुसरं जर्मन ग्रंथाचं जाडजूड हिंदी भाषांतर, पाठीमागची पानं सुटलेलं. ते कचरूंनी चार वेळा वाचलं होतं. पहिल्या तीन वेळा न समजता. चौथ्या वेळी, कापूस वेचणीच्या दिवसांत वाचनालय ओस पडलेलं असताना, एका दुपारी त्यांना ते समजलं. त्या दुपारी आपण किती वेळ नुसते खुर्चीत बसून होतो, हे त्यांना आजही सांगता येत नसे. दुसरं कुणी ते चार वेळा वाचेल, याची त्यांना खात्री वाटेना. त्यांनी पातळ पुस्तकाचं नाव लिहिलं.

बाद पुस्तकं कर्मचाऱ्याने घरी नेऊ नयेत, असा वाचनालयाचा नियम होता. मॅडम म्हणाल्या, "एक नेलं तर काय होते?" कचरूंनी मान हलवली आणि बहात्तर पुस्तकांच्या यादीखाली साक्षीदार म्हणून सही केली.

चाळीस नावांचा कागद दोन फळ्यांच्या बाजूला चिकटवला, त्या दिवशी जनकाबाई आल्या. चष्मा पुसून त्यांनी यादी वरपासून खालपर्यंत वाचली.

"याच्यातलं तुमचं सगळ्यात आवडतं कोणतं, कचरूभाऊ?"

"ते याच्यात नाई."

"अगं बाई! काऊन?"

"ते एकट्याचं होतं." त्यांनी फळीवरून एक पुस्तक काढून त्यांच्या हातात दिलं. "पाचव्या भागाच्या आधी तुम्ही हे वाचा."