सलाईनला हात लावायचा नाही

कल्पिता सिस्टरांचा संशय प्रज्ञाला पहिल्याच दिवशी आला. चौलच्या बौद्धवाडीतली ही पोरगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला, आणि ड्युटी लागली किनाऱ्यावरच्या एका छोट्या इस्पितळात, बायकांच्या वॉर्डात. सिस्टरांनी नाव विचारलं, मग गाव, मग आडनाव. आडनाव ऐकून नुसतं "बरं" म्हणाल्या. आता त्या 'बरं'मध्ये काही होतं की नव्हतं, देव जाणे. पण प्रज्ञाला जे ऐकू यायचं ते आलं.

तेव्हापासून तिच्या वाट्याला चादरी आणि बेडपॅन. बरोबरच्या मनालीला मात्र इंजेक्शनं, सलाईन, सगळं शिकवायच्या. "तू सलाईनला हात लावायचा नाही," एवढंच हिला सांगितलेलं. का, ते विचारायची सोय नाही. इथे शिकायला आलेय की धुणी धुवायला, म्हणून तिचा जीव जळायचा. सिस्टर मनालीशी हसल्या तरी तिला वाटायचं, आपल्यालाच हसतायत.

एका दुपारी थळच्या नीराबाईंना सलाईन लावलं होतं. ही बाटली संपली की घरी जा, असं डॉक्टर सांगून गेलेले. शेजारच्या खाटेची चादर बदलताना प्रज्ञाचं तिकडे लक्ष गेलं. नीराबाईंना धाप लागली होती, आणि थेंब थेंब पडायचं ते सलाईन धारेने चाललं होतं. सिस्टर कुठे दिसेनात. तिने धावत जाऊन नळीवरची चकती फिरवली, धार बंद केली, आणि नेमक्या तेव्हाच सिस्टर दारात.

"कोणी सांगितलं हात लावायला? तूच वाढवलंस ना?"

कॉलेजात परत पाठवलं की वर्ष गेलंच, प्रज्ञाच्या मनात आलं. नीराबाईंचा नवरा भागोजी मघापासून सारखा घड्याळ बघत होता, आता खाली मान घालून उभा होता. याचंच काम, तिची खात्री पटली. पण आपलं खरं कोण मानणार?

सिस्टरांनी नीराबाईंना उठवून उशांना टेकवलं, मनालीला डॉक्टरांकडे पिटाळलं. बायकोचे हाल बघून भागोजीला राहवलं नाही.

"मीच थेंब मोठा केला, बाय. बाटली संपल्याबिगर सोडत न्हाय, आन् आमची एसटी चुकली असती."

संध्याकाळपर्यंत नीराबाईंची धाप शमली. प्रज्ञाच्या मनातली आग काही शमेना.

"सिस्टर, माझ्या आडनावामुळे मला शिकवत नाही का?"

सिस्टर हात धुवायला निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ट्रे तिच्या हातात दिला. "नवीन पेशंट आहे. लाव. मी उभी आहे."

कालचं काम पटलं, की तो प्रश्न झोंबला? प्रज्ञाला कळेना, आणि सिस्टरांवर विश्वास तर अजूनही बसेना. त्यांची नजर तिच्या बोटांवरच होती. सुई नीट शिरली. थेंब पडायला लागले. मग ती पेशंटच्या नवऱ्याकडे वळली. आडनाव तिने विचारलं नाही.

"काका, तुमची एसटी कितीची आहे?"