श्रावणात न चालणारं औषध

कुंदा सिस्टरचा आवाज अंबरनाथच्या त्या इस्पितळात तळमजल्यापर्यंत ऐकू जाई. छाती उघडून शिवलेला माणूस खोकायला घाबरतो. टाके तुटतील म्हणून कफ आतच दाबून ठेवतो, आणि कुंदाला नेमका त्याचाच संताप. "उशी छातीशी धरा आणि खोका! बोहल्यावर चढलाय का लाजायला?"

तिचे वडील रघू आनंदनगरच्या कारखान्यात राबले. छातीचं ऑपरेशन झालं आणि पाचव्या दिवशी कफ अडकून गेले. ऑपरेशन यशस्वी, असं कागदावर होतं. तेव्हापासून बावीस वर्षं ती त्या कफाशीच भांडत होती.

म्हणून डॉ. पुष्करांनी कफ सुटायची दोन औषधं वाफेतून देऊन तुलना करायचं ठरवलं, तेव्हा नोंदींची वही तिनं मागून घेतली. बाटल्यांवर नुसतं अ आणि ब. कोणाला कुठली, ते चिठ्ठी टाकून. कफ किती पडला, ऑक्सिजन किती, जिना कितव्या दिवशी चढला, सगळं ती स्वतः लिही. जे औषध सरस ठरेल तेच पुढे वॉर्डातल्या प्रत्येकाला मिळणार होतं. त्या वहीवर ती कुणाला चहाचा कपही टेकवू देत नसे.

श्रावणातल्या एका सोमवारी ती सहा नंबरच्या बेडपाशी थबकली. ब औषधाला नासक्या अंड्याचा वास येतो. तो वास नाथाच्या मास्कमधून येत होता, आणि नाथाच्या चिठ्ठीत तर अ निघालेलं.

"हे काय चाललंय?"

नाथा बारवी धरणाकडचा भातशेतीवाला. मास्क सरकवून म्हणाला, "मधूकाकांना श्रावण हाय, बाय. अंड्याचा वास त्यांना कसा चालंल? मना काय, सगला चालतं."

पाच नंबरचे मधू शिवमंदिराजवळ बेल-फुलं विकत. कुंदाची पाठ वळली की त्यांची बायको विठा दोन्ही मास्कखालच्या औषधाच्या वाट्या बदलायची. चार दिवस! शेजारधर्म म्हणे.

कुंदाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अंडं नाहीये त्यात! एकाच्या छातीतली घाण दुसऱ्याच्या तोंडाला लावलीत, ते चाललं श्रावणात?" विठाबाई पदर तोंडाला लावून रडू लागल्या. कुंदाला जराही दया आली नाही.

डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि वही तिच्याकडे सरकवली. "दोन पेशंटनी काय फरक पडतो? आहे तसं राहू दे. सही करा."

"वासाचं मी पहिल्याच दिवशी बोलले होते. संमतीच्या फॉर्मवर ते लिहायला नको, लोक नाही म्हणतील, म्हणालात."

"सिस्टर, महिनाअखेरीला निष्कर्ष पाठवायचाय."

"खोटा पाठवायचा? माझी सही नाही मिळणार. नोकरी घ्या हवी तर." त्यांच्यासमोरच तिनं लिहिलं: बेड पाच आणि सहा, औषधांची अदलाबदल, नोंदी बाद.

तरी राग उतरेना. ती पुन्हा मधूकाकांसमोर जाऊन उभी राहिली. "मला सांगायचंत ना! मी तुमचं नावच काढलं असतं यातून."

काका चादरीकडे बघत म्हणाले, "विठा दोनदा सांगायला आली होती तुमच्या टेबलापर्यंत. दोन्ही वेळा तुम्ही कुणावर तरी ओरडत होतात. आली तशी परतली."

एवढा वेळ डॉक्टरांवर, विठाबाईंवर काढलेला राग आता कुंदावरच उलटला. वहीत आणखी छत्तीस नावं होती. त्यांतल्या किती जणांनी तिला घाबरून गप्प राहणं पसंत केलं असेल?

टेबलाशी बसून तिनं घरी गेलेल्यांना फोन लावायला सुरुवात केली. पहिला राजेंद्र, उल्हासनगरचा जीन्सवाला. "वासाचं औषध तुम्ही स्वतःच घेत होतात ना?" तिनं विचारलं.

त्यानं उलट विचारलं, "सिस्टर, पहिले बोला, चिल्लावणार नाही ना?"

"नाही."

"मग लिहा. आमच्या बेडच्या लाइनीत चौघांनी बदललं होतं."