हात हुंगणारा डॉक्टर

शिवाण्णा गेल्याची बातमी सकाळी दुधाच्या कट्ट्यावरून, म्हशी समोर पिळून दूध देतात तिथून, आली आणि मी ती सरळ खोटी ठरवली. आमच्या गल्लीने याआधीही धडधाकट माणसांना मारून ठेवलेले आहे. शिवाय ऐकीव गोष्टीवर विसंबायचे नाही, हे मला खुद्द शिवाण्णांनीच शिकवलेले. ‘कुत्रं जेवत न्हाय’ असा फोन गेला की ते म्हणायचे, “ते तुम्ही सांगताय. त्याला घेऊन या, ते काय म्हणतंय बघू.” म्हणून पायात चपला सरकवल्या आणि दवाखान्यापर्यंत चालत गेले. बाहेर माणसे उभी होती आणि कुणीच मोठ्याने बोलत नव्हते... कोल्हापुरात माणसे हळू बोलायला लागली की समजून जायचे. झोपेतच गेले म्हणे. त्याला आता काही आठवडे झाले.

शिवाण्णा म्हणजे डॉक्टर शिवलिंग, जनावरांचे डॉक्टर. गाव गडहिंग्लजकडचे, घरात कन्नड, दवाखान्यात आमची बोली. गोचीड, पिसवा आणि लुतीचे किडे हा त्यांचा जिव्हाळ्याचा विषय. “गोचीड आभाळातनं पडत न्हाय वैनी, कुणीतरी घरात आणलेला असतोय,” असे म्हणून ते आधी कुत्र्याचे कान उलटे करून बघत, मग बोटांच्या बेचक्या, मग मालकाची सतरंजी आणि शेवटी मालकाचे तोंड. औषध लावले असे कुणी सांगितले तर त्याचे हात हुंगून बघत. मला भारी राग यायचा. एकदा म्हटले, माणसांवर एवढा संशय बरा नव्हे. तर म्हणाले, “अय्यो, ह्या गावात म्हस डोळ्यासमोर पिळल्याशिवाय कोण दूध पीत न्हाय, आणि संशयी मी व्हय?”

मी हायस्कुलात जीवशास्त्र शिकवायचे, म्हणून माझ्यावर त्यांचा त्यातल्या त्यात भरवसा. एकदा पन्हाळ्याच्या बाजूने वनरक्षकाने पोत्यात घालून एक कोल्हा आणला. अंगावर केस नाही, कातडी भेगाळलेली. लोक म्हणत पिसाळलाय, मारून टाका. शिवाण्णांनी कातडी खरवडली, काचेवर घेतली आणि मला सूक्ष्मदर्शकापाशी बसवले. “हा बघा आरोपी,” म्हणाले. आत आठ पायांचा इवलासा किडा वळवळत होता. मांसातून औषध द्यायचे ठरले. पण वनरक्षक ते देईल यावर त्यांचा काडीचा विश्वास नाही. स्वतः स्कूटरवरून पन्हाळ्याला जाऊन कोल्ह्याने तुकडा गिळेपर्यंत तिथे उभे राहायचे. कोल्ह्याला पुन्हा लव आली तेव्हा मात्र लहान पोरासारखे हसले होते.

आता त्या पाडव्याचे सांगते. एकोणीसशे नव्वदच्या दशकाची अखेर असावी. माझ्या सासऱ्यांचा, मामंजींचा, घरामागे म्हशींचा गोठा. तेव्हा त्यांना विसरायला होऊ लागले होते. म्हशी विकून टाकू, तिथे गाळे काढू, असे आमचे हे आणि दीर उघड बोलत. मामंजींचा जीव त्या म्हशींत. त्यांच्या हातून एक चूक झाली असती तर गोठा गेला असता, हे घरात सगळ्यांना ठाऊक होते आणि शिवाण्णांनाही, कारण मामंजी आपले रडगाणे त्यांच्याकडेच गात.

दिवाळी पाडव्याला आमच्याकडे म्हशी भादरतात, तेल चोळून काळ्याभोर चमकवतात, शिंगे रंगवून मिरवायला नेतात. त्या दिवशी घरात माणसांसकट सगळेच तेलकट. म्हशी बाहेर पडणार एवढ्यात आमचा झिपऱ्या कुत्रा अंगणात कोसळला. तोंडातून लाळ, पाय थरथरताहेत. ह्यांनी बाह्या सरसावल्या. “शेजारच्या बंडूनंच विष घातलंया. कुत्रं चपला नेतंय म्हणून डूख धरून हुता!”

शिवाण्णा सणाच्या नव्या सदऱ्यातच आले. कुत्र्याच्या डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या पाहिल्या, अंग हुंगले, इंजेक्शन दिले, आणि साबणाने खसाखसा धुवायला लावले. मग उठून म्हणाले, “हात दावा सगळ्यांनी.” ह्यांचे, माझे, दिरांचे हात हुंगून झाले. मामंजी बिचकले. त्यांचा हात शिवाण्णांनी जरा जास्तच वेळ धरला... आणि सोडून दिला.

“बंडूचं काय न्हाय ह्यात,” ते म्हणाले. “चूक माझी. गोठ्यात फवारायला परवा औषध दिलं ते मीच लई कडक कालवलं. कुत्रं त्यात लोळलं असणार.”

मला ते पटले नाही. दुसऱ्याची चूक शोधल्याशिवाय ज्याला घास गोड लागत नाही, तो माणूस एवढ्या झटकन आपली कबूल करतो? झिपऱ्या वाचला. बंडूही वाचला. पण ह्यांनी कट्ट्यावर गावभर केले, शिवाण्णाच्या औषधाने कुत्रे मरायला टेकले होते. कुत्री घेऊन येणारी माणसे हळूहळू दुसरीकडे जाऊ लागली. शिवाण्णा कुणाशी वाद घालायला गेले नाहीत. मी एकदा खोदून विचारले, तर म्हणाले, “तुम्हाला लई संशय वैनी. माझा गुण लागला.”

शिवाण्णा गेल्याचे कळले तसे त्यांच्या घरच्यांना भेटायला जायचे म्हणून मामंजी हट्टाला पेटले. आता थकलेत, कालचे आठवत नाही, जुने मात्र लख्ख; ह्यांनी आणि मी धरून नेले. शिवाण्णांच्या पत्नी शारदाक्का दवाखान्यातच बसल्या होत्या. मामंजी टेकले आणि म्हणाले, “पोरी, त्या पाडव्याला कुत्र्याला औषध मी चोळलंतं. पाण्यात घालायचं ते तेलात कालवून. म्हटलं, म्हशी चमकत्यात, मग ह्यानं काय घोडं मारलंय? गोचीड बी जातील आणि सणाचं चमकंल बी. माझ्या हाताला वास आला डॉक्टरला. त्यानं सगळं आपल्या अंगावर घेतलं. माझ्या म्हशी ऱ्हायल्या.”

आमचे हे दारातच उभे होते. त्यांनी मान खाली घातली ती वर केली नाही. मला शिवाण्णांचा संताप आला. मेलेल्या माणसावर रागावून काय उपयोग, पण आला. निदान मला तरी सांगायचे होते.

खिडकीत औषध मापायचे काचेचे नळकांडे पालथे घातलेले होते. ते शारदाक्कांनी उचलले, पदराने पुसले.

“मला बी बोलले न्हाईत की ओ मामा,” त्या म्हणाल्या. “मला वाटलं, हात चुकाय लागला ह्यांचा. त्या दिवाळीपास्नं ते औषध कालवाय लागले की मी मागं उभारून माप बघायची. त्यांना कळायचं. एकदाबी म्हणाले न्हाईत, की बघू नको.”