राईतली वाळकी फांदी

लग्न होऊन मी रिह्याच्या खोऱ्यात आले, त्यानंतरच्या दुसऱ्या श्रावणातली ही गोष्ट. चूक माझी होती, ते आधीच सांगून टाकते. पावसाळ्याचं सरपण मी पडवीच्या गळक्या बाजूला रचलं. सासूबाईंनी दोनदा बजावलं होतं, पण नव्या सुनेला वाटतं ना, आपल्यालाही कळतं!

आठ दिवस पाऊस उघडला नव्हता आणि माझी थोरली जाऊ आठव्याच महिन्यात बाळंत झाली. पोर एवढंसं. ओढ्याला पाणी चढायच्या आत सुईण निघाली, जाताना म्हणाली, "शेगडी इजू देऊ नगा. अंग गार पडलं तर पोर हाती लागायचं न्हाई."

आमचं घर ओढ्याच्या अलीकडे एकटं, देवाच्या राईला लागून. गाव पलीकडे. पुरुषमाणसं तिकडेच अडकलेली. दुपारपर्यंत चुलीवरच्या माळ्यावरचं सुकं लाकूड संपलं. पडवीतलं ओढलं, तर बुरशी आलेलं. चुलीत घातलं की नुसता धूर. बाजेवरून जाऊ म्हणाली, "अगं, ह्ये रडंना झालंय."

मी पळत राईत गेले. तिथली पडलेली काडीसुद्धा आमच्याकडे कुणी उचलत नाही. फारच नड असेल तर गुरवाने कौल लावायचा, देवाने हो म्हटलं तरच न्यायची. गुरव तर ओढ्यापलीकडे. एका झाडाच्या ढोलीत वाळकी फांदी अडकली होती. ओढली, पदराखाली घेतली आणि आले.

दारात सासूबाई उभ्या.

"कुटनं आणली?"

मी राईकडे नुसती मान वळवली.

"जा, ठिवून ये. जिथं हुती तिथंच."

"आत्याबाई, पोर गार पडतंय! देव काय न्हाई म्हणनार हाय का?"

"न्हाई म्हणायचा न्हाई तो. पर इचारलंस का त्याला? शेजाऱ्याच्या घरात इचारल्याबिगर हात घालशील का? मग? पळ, बोलत बसू नगंस."

त्या वेळी मला त्यांचा इतका राग आला, सांगते तुम्हाला, की फांदी तिथेच टाकून माहेरची वाट धरावी असं वाटलं. पण गेले. फांदी ढोलीत बसेना, तशीच रेटून बसवली. परत येताना घरातून कुऱ्हाडीचे घाव ऐकू आले.

सासूबाई मागलं दार फोडत होत्या. सागाचं, सासऱ्यांनी स्वतः बसवलेलं.

"बघतीस काय? खालनं धर!"

फळ्या चिरल्या, चूल पेटवली, निखारे शेगडीत भरून बाजेखाली सारले. मग तिघी त्या पोराच्या तोंडाकडे बघत बसलो. ओठ काळेनिळे. सासूबाई तळहात शेकून त्याचे पाय चोळत होत्या. किती वेळ गेला कोण जाणे. आधी बोटं हलली. मग एक बारीक आवाज आला, मांजराच्या पिलासारखा, आणि जाऊ हुंदके देऊन रडायला लागली.

तिन्हीसांजेला पाणी उतरलं, सासरे आले.

"मागलं दार कुटं हाय?"

"शेगडीत," सासूबाई म्हणाल्या.

"आन् आता घरात कुत्री शिरतील त्येचं?"

"शिरू द्या. मी हाय न्हवं भुकायला."

सासऱ्यांनी पोराकडे वाकून बघितलं आणि पगडी काढून कोपऱ्यात बसले.

मला मात्र राहवेना. मी विचारलंच, "आत्याबाई, दार ओलं असतं, पेटलं नसतं, तर? पोर गेलं असतं तर?"

त्यांनी शेगडीतले निखारे सारखे केले.

"तर लई रडले असते. देवाला शिव्या दिल्या असत्या, त्येच्या दारात जाऊन. पर फांदी न्हाई आणली असती."

आणि उघड्या चौकटीला लावायचं पोतं घेऊन त्यात सुतळी ओवायला बसल्या. मी दुसरं टोक धरलं.