नुसतं बोलायला जायचं

चंदगडच्या स्टँडवरून कोल्हापूरची एसटी सुटली, तेव्हा अप्पा खिडकीबरोबर चार पावलं चालत आले. "होगि बा, मगळे," म्हणाले. जाऊन ये, पोरी. अप्पांशी, म्हणजे वडिलांशी, मी कन्नड बोलायची; आईशी आणि शेजाऱ्यांशी मराठी. नव्वदचं दशक सरत आलं होतं. मला कोल्हापुरात शिक्षिकेची नोकरी लागली होती.

पुढच्याच पावसाळ्यात अप्पा गेले. त्यांचं कार्य उरकून मी कोल्हापूरला परत आले, आणि वर्गात हजेरी घेताना घसा आवळला. शब्दच फुटेना. मग रोजच तसं. मुख्याध्यापिका म्हणाल्या, असंच चाललं तर वर्ग दुसऱ्या बाईंकडं द्यावा लागेल. घशाच्या डॉक्टरांनी तपासलं. "घसा ठणठणीत हाय की बाई. मनाच्या डॉक्टरला दाखवा."

मनाच्या ज्या डॉक्टरांकडं मी पहिल्यांदा गेले, त्यांनी माझं बोलणं पुरं व्हायच्या आत सांगितलं, "लग्न करा, सगळं बरं होईल." उठून आले. पण कुतूहल जाईना. बोलून माणूस बरा होतो म्हणतात, म्हणजे नेमकं होतं काय?

विचारत विचारत राजारामपुरीतल्या समुपदेशक देसाईबाईंकडं पोचले. पांढरा कोट असेल, झोपवून प्रश्न विचारतील, असं वाटलं होतं. तिथं समोरासमोर दोन वेताच्या खुर्च्या, बस्स.

"वडिलांशी कुठल्या भाषेत बोलायचात?"

"कन्नड."

"मग त्यातच बोला."

"तुम्हाला येतं?"

"नाही. पण तुम्हाला येतं की."

मी बोलले. नोकरीत खाडा नको म्हणून अप्पांनी आपलं दुखणं मला कळवू दिलं नव्हतं. तो राग एवढ्या मोठ्यानं बाहेर पडला, की माझी मीच दचकले. मग तेच हळूहळू मराठीत सांगितलं. घसा लगेच सुटला नाही, पण वार्षिक परीक्षेच्या सुमाराला हजेरी सरळ घेऊ लागले.

गावाकडं यातलं काहीच सांगितलं नव्हतं. काही वर्षांनी अव्वा, माझी आई, माझ्या कोल्हापुरातल्या भाड्याच्या दोन खोल्यांत राहायला आली, तेव्हा चहा पिता पिता सांगून टाकलं.

"नुसतं बोलायचं? औशद न्हाय?"

"न्हाय."

"आनि त्या बाई कुणाला सांगत न्हाईत?"

"न्हाईत, अव्वा."

तिनं कप खाली ठेवला. मग म्हणाली, "मलाबी ने की एकदा. तुझ्या अप्पानं मला शपथ घातलीती, तुला सांगू नगंस म्हणून. माजाबी राग हाय त्येंच्यावर."

जिथं आम्हा दोघींना आता एकमेकींपासून काही लपवायचं उरलं नव्हतं, भाड्याच्या त्या दोन खोल्यांना मी त्या दिवसापासून घर म्हणायला लागले.